वीज परतते, वाय-फाय परतत नाही: सेटिंग चिपवर लिहिण्याआधीची तपासणी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रमाग कारखान्यात संगणक आणि नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. मागांच्या ओळींच्या टोकाला ठेवलेल्या टॅबलेटवर कामगार उतरलेल्या चादरींची नोंद करतात, आणि ती नोंद ऑफिसातल्या राउटरपर्यंत पोहोचवण्यासाठी शेडमध्ये एक छोटा लिनक्स संगणक बसवलेला आहे. त्याला लावलेले यूएसबी वाय-फाय अडॅप्टर एकाच रेडिओवर दोन कामे करते: ऑफिसच्या राउटरला ते ग्राहक म्हणून जोडलेले असते आणि टॅबलेटसाठी स्वतःचा ॲक्सेस पॉइंटही चालवते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाची चाहूल लागली की वीज जाते आणि येते. वीज आल्यावर हे नेटवर्क कधी निमूटपणे उभे राहते, कधी उभे राहून मिनिटभरात पडते, तर कधी अडॅप्टर उपटून पुन्हा लावल्याशिवाय उठतच नाही. ‘साहेब, काल चालत होतं की, आज काय झालं त्याला?’ हा मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की शेवटी प्रत्येक वेळच्या नोंदी जपून ठेवून त्या शेजारी शेजारी मांडायचे ठरवले.

तसे केल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, ज्याला आम्ही ‘तोच तो जुना बिघाड’ म्हणत होतो, तो एक बिघाड नव्हताच. तीन वेगवेगळी कारणे एकाच लक्षणाआड लपली होती, आणि त्यातले एक दूर केले की दुसरे पुढे येत असल्यामुळे कोणताही उपाय चार दिवसांपेक्षा अधिक टिकत नव्हता. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न होता: फाइलमध्ये लिहिलेली सेटिंग प्रत्यक्ष चिपवर जाण्याआधी ती त्या क्षणी लागू करण्याजोगी आहे की नाही, हे नेमके कोण तपासते?

लिनक्समध्ये ही तपासणी थराथराने होते. होस्टएपीडी (ॲक्सेस पॉइंट चालवणारा) किंवा आयडब्ल्यू (वाय-फायची सेटिंग पाहणारा-बदलणारा) यांसारखा प्रोग्राम आपली मागणी नेटलिंक या निरोपव्यवस्थेच्या एनएल८०२११ या मार्गाने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या मूळ प्रणालीकडे, पाठवतो. तेथे प्रत्येक घटकाचा प्रकार आणि लांबी पाहिली जाते. पुढे सीएफजी८०२११ हा कर्नलमधला वाय-फायचा गाभा त्या मागणीचा अर्थ लावतो, चॅनल आणि त्याची रुंदी एकमेकांशी जुळतात का, देशाचे नियम त्यांना परवानगी देतात का हे पाहतो, आणि मगच ड्रायव्हरचे, म्हणजे चिप हाताळणाऱ्या प्रोग्रामचे, फंक्शन बोलावतो. मुख्य कर्नलमधल्या पुष्कळशा ड्रायव्हरांच्या आणि गाभ्याच्या मध्ये मॅक८०२११ हा आणखी एक थर असतो आणि तोही आपली चाळणी लावतो. आमच्या अडॅप्टरचा ड्रायव्हर मात्र मुख्य कर्नलमधला नव्हता; अडॅप्टरसोबत मिळालेला, बाहेरून संकलित करावा लागणारा ड्रायव्हर होता, आणि त्यात मॅक८०२११ चा थर वगळलेला होता. अशा ड्रायव्हरमध्ये गाभ्यानंतर थेट चिपच येते, म्हणून मधल्या सगळ्या तपासण्या ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतः करणे अपेक्षित असते.

पहिले कारण तुलनेने साधे निघाले. सुरू होतानाच्या कर्नल नोंदींत ‘रेग्युलेटरी डॉट डीबी’ ही फाइल मिळाली नाही, त्रुटी -२, अशी ओळ दिसत होती. देशोदेशीचे वाय-फाय नियम या फाइलमध्ये असतात, आणि ती मिळाली नाही तर कर्नल ‘००’ या जागतिक नियमसंचावर राहतो, ज्यात ५ गिगाहर्ट्झमधल्या चॅनलांवर स्वतःहून प्रक्षेपण सुरू करण्यास मनाई असते. फाइल डिस्कवर होती. पण आमच्या कर्नलमध्ये सीएफजी८०२११ हे मागाहून चढवायचे मॉड्यूल म्हणून नव्हे, तर कर्नलच्या पोटातच बांधलेले होते, त्यामुळे मूळ फाइलप्रणाली जोडली जाण्याआधीच तो फाइल शोधू लागे आणि हात हलवत परत येई. एकदा हा शोध फसला की नंतर देश ‘आयएन’ असा कितीही वेळा सांगितला तरी उपयोग होत नाही. ‘आयडब्ल्यू रेग रीलोड’ ही आज्ञा देऊन फाइल पुन्हा वाचायला लावावी लागते, किंवा फाइल आणि तिची सही या दोन्ही कर्नलच्या प्रतिमेतच बांधून ठेवाव्या लागतात. आम्ही दुसरा मार्ग घेतला. आपल्याकडे हीच लक्षणे असतील तर प्रथम ‘आयडब्ल्यू रेग गेट’ चालवावे, आणि उत्तरात ‘००’ दिसल्यास पुढचे काहीही न वाचता आधी हे दुरुस्त करावे.

दुसरे कारण ओळखायला घड्याळ लागले. नेटवर्क उभे राहून बरोबर एका मिनिटाने पडत असे. मिनिटाचा हिशेब आला की अनेकांच्या मनात रडारची तपासणी येते, कारण ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांवर प्रक्षेपणाआधी किमान ६० सेकंद नुसते ऐकावे लागते आणि रडार आढळल्यास ते चॅनल ३० मिनिटे वर्ज्य करावे लागते. सोलापूरकरांना रडार ही पुस्तकी गोष्ट वाटू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये येथे ढगांवरचे प्रयोग केले तेव्हा शहरालगत सी-बँडचे हवामान रडार उभे होते, आणि त्याच पट्ट्यात आपले ५ गिगाहर्ट्झचे वाय-फायही येते. पण रडारचे मिनिट हे सुरू होण्याआधीचे, शांततेचे मिनिट असते. आमचे मिनिट सुरू झाल्यानंतरचे होते. ते निराळे निघाले: देशाचा नियमसंच बदलला आणि चालू चॅनल नव्या नियमांत बसत नसेल, तर सीएफजी८०२११ त्या इंटरफेसला ६० सेकंदांची सवलत देतो आणि मग त्याला बंद करतो.

नियम बदलत होते ते ऑफिसच्या नव्या राउटरमुळे. कोणीतरी बाहेरून आणलेल्या त्या राउटरच्या बीकनमध्ये, म्हणजे तो सतत प्रसारित करत असलेल्या ओळख-संदेशात, दुसऱ्याच देशाचा संकेत होता. आमचे अडॅप्टर त्याला ग्राहक म्हणून जोडले गेले की कर्नल तो संकेत ग्राह्य धरी, आणि टॅबलेटसाठी निवडलेले चॅनल एका मिनिटाने बेकायदा ठरे. राउटरमध्ये भारत निवडल्यावर हा प्रकार थांबला. ‘आयडब्ल्यू इव्हेंट’ वेळेच्या शिक्क्यांसह चालू ठेवल्यास नियमबदलाची घटना आणि इंटरफेस बंद पडण्याची घटना यांतले अंतर सरळ दिसते, आणि तर्क लढवण्याची गरज उरत नाही.

या दोन कारणांबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही वेळी गाभ्याने आपले काम चोख केले होते. जे लागू करू नये ते त्याने लागू होऊ दिले नाही, किंवा लागू झालेले काढून घेतले. खरा त्रास तिसऱ्या कारणाने दिला, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावर खर्च करणे मला योग्य वाटते.

तिसऱ्या प्रकारात होस्टएपीडीला कधी -२२, कधी -१६ आणि बहुतेकदा -११० अशी त्रुटी मिळे. अनुभवाने सांगतो, -२२ ही चांगली बातमी समजावी: मूल्य चुकीचे आहे, म्हणून नाकारले, असे कोणीतरी वेळीच म्हटले आहे. -१६ म्हणजे रेडिओ दुसऱ्या कामात गुंतलेला आहे, तेही समजण्यासारखे आहे. -११० म्हणजे चिपला आज्ञा दिली आणि तिच्याकडून उत्तरच आले नाही. वाय-फायची सेटिंग बदलताना ही त्रुटी वारंवार येत असेल तर यूएसबीची वायर आणि वीजपुरवठा एकदा पाहून घ्यावा, पण त्यात दोष नसेल तर बहुधा चिपला पचणार नाही असे काहीतरी तपासणीविना तिच्या घशात उतरवले गेले आहे, असे धरून शोध सुरू करावा.

ड्रायव्हरमधले ॲक्सेस पॉइंट सुरू करणारे फंक्शन वाचल्यावर क्रम असा आढळला. प्रथम चालू प्रक्षेपण थांबवले जाई; मग चॅनल चिपवर लिहिले जाई; मग रुंदी लिहिली जाई, आणि ती गाभ्याने दिलेली नव्हे, तर मॉड्यूल चढवताना दिलेल्या पॅरामीटरमधली; मग नेटवर्कचे नाव बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत, उतरवले जाई; आणि हे सगळे झाल्यावर शेवटी बीकनची लांबी, नावाची लांबी वगैरे गोष्टी तपासल्या जात. शेवटच्या तपासणीत काही चुकले तर फंक्शन -२२ देऊन परत येई, पण तोवर चिप नव्या चॅनलवर गेलेली असे. गाभ्याच्या दृष्टीने ॲक्सेस पॉइंट सुरूच झालेला नसल्यामुळे तो बंद करण्याची आज्ञाही गाभा देत नसे. परिणामी कर्नलच्या वहीत एक आणि चिपमध्ये दुसरेच, अशी स्थिती होई. रेडिओ एकच असल्याने राउटरशी असलेला दुवाही त्याच झटक्यात तुटे, आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न त्या अर्धवट अवस्थेवरून सुरू होई. ताण्याचे धागे तुटले आहेत का हे माग चालवून वीतभर कापड विणल्यावर पाहावे, तसा हा कारभार होता.

रुंदीच्या पॅरामीटरचे उदाहरण थोडे उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या ड्रायव्हरांत असली सोय बरीच आढळते. चॅनल ३६ म्हणजे ५१८० मेगाहर्ट्झ. त्यावर ८० मेगाहर्ट्झची रुंदी हवी असेल तर एकूण पट्ट्याचा मध्य ५२१० वर, म्हणजे मध्य-क्रमांक ४२ वर यावा लागतो. गाभ्यातील चॅनल-व्याख्येची तपासणी हेच गणित करते: २० मेगाहर्ट्झला मध्य आणि मूळ चॅनल एकच हवे, ४० ला दोहोंत १० चे अंतर हवे, ८० ला १० किंवा ३० चे. आता एखाद्याने चॅनल ५२ केले, म्हणजे ५२६०, आणि मध्य-क्रमांक ४२ तसाच ठेवला, तर अंतर ५० होते आणि व्याख्या जागच्या जागी नाकारली जाते. आमच्या बाबतीत मात्र होस्टएपीडी २० मेगाहर्ट्झच मागत होते, गाभा २० साठीच तपासणी करत होता, ती बिनचूक उत्तीर्ण होत होती, आणि नंतर ड्रायव्हर आपल्या पॅरामीटरप्रमाणे तेथे ८० लिहीत होता. चॅनल ३६ असताना हे खपून जाई. ऑफिसच्या राउटरने आपोआप चॅनल १६५ निवडले, की एकच रेडिओ असल्यामुळे आमच्या सेवेची सुरुवातीची स्क्रिप्ट होस्टएपीडीच्या फाइलमध्ये तोच क्रमांक भरी, आणि १६५ भोवती ८० चा पट्टा बसत नसल्याने चिप गप्प होई.

येथे कायदा आणि यंत्र यांतला फरक ध्यानात घ्यावा. भारतात २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त झाले. त्यामुळे १६५ आणि १६९ मिळून ४० मेगाहर्ट्झचा पट्टा ५८५५ वर संपतो आणि कायद्यात सहज बसतो. १७७ मात्र ५८९५ पर्यंत जात असल्याने बसत नाही. पण अनेक जुन्या अडॅप्टरांची चॅनलयादी १६५ वरच संपते, आणि त्यांच्यासाठी १६९ शी जोडी ही कायदेशीर असूनही अशक्य गोष्ट असते. म्हणून नियमसंचाने हो म्हटले की काम झाले असे ड्रायव्हरने समजू नये, आणि चिपला जमते म्हणून नियमसंचाला वळसाही घालू नये.

दुरुस्ती करताना मी पॅरामीटर काढूनच टाकला. गाभ्याला जी रुंदी माहीत आहे तीच चिपवर जावी, ड्रायव्हरने तिच्यात आपली भर घालू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना पॅरामीटर ठेवायचाच आहे त्यांनी तो गाभ्याला कळवल्या जाणाऱ्या क्षमतांमध्ये उतरवावा. त्यानंतर फंक्शनचा क्रम उलटा केला. आता आलेल्या मागणीची एक पूर्ण प्रत प्रथम मेमरीत तयार होते आणि चिपला कोठेही स्पर्श न करता तिच्यावर सर्व प्रश्न विचारले जातात: चॅनलची व्याख्या सुसंगत आहे का, या यंत्राला आणि या घडीच्या नियमांना ती चालते का, या चॅनलवर बीकन पाठवण्याची मुभा आहे का, बीकनचे अंतर १० ते १०००० कालएककांच्या आत आहे का, नावाची लांबी ३२ बाइटांच्या आत आहे का. यांतले काही प्रश्न गाभ्याने आधीच विचारलेले असतात. तरी ज्या मार्गांनी गाभ्याला टाळून मागणी येते, उदाहरणार्थ ड्रायव्हरच्या खासगी आज्ञा (आयओसीटीएल) किंवा दोष शोधण्यासाठीच्या डीबगएफएसमधल्या फाइल, त्या मार्गांसाठीही हेच एक तपासणी-फंक्शन वापरता यावे म्हणून ते स्वतंत्र ठेवले.

इंटरफेसांच्या जोडीचा प्रश्न मात्र ड्रायव्हरलाच विचारावा लागतो, आणि तोच आमच्या ड्रायव्हरमध्ये मुळीच नव्हता. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ च्या उत्तरात शेवटाकडे जोड्यांची यादी असते. एक ग्राहक, एक ॲक्सेस पॉइंट आणि चॅनल एकच, असे तेथे लिहिलेले असेल तर राउटर ज्या चॅनलवर आहे त्याखेरीज दुसरे चॅनल मागणारी मागणी -१६ देऊन परत करणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. गाभ्यात त्यासाठी तयार फंक्शन आहे, पण मॅक८०२११ चा थर नसेल तर ते ड्रायव्हरने स्वतः बोलवावे लागते.

सर्व प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच पूर्ण आज्ञा एकदम चिपकडे जाते. जुनी चॅनल-व्याख्या हाताशी ठेवलेली असते, आणि चिपनेच नकार दिला तर तीवर परत येऊन मग त्रुटी कळवली जाते. ही परतीची पद्धत काही माझी कल्पना नव्हे; पुन्हा पाठवण्याची संख्या किंवा तुकड्यांची मर्यादा बदलताना ड्रायव्हरने नकार दिला, तर सीएफजी८०२११ स्वतः जुनी मूल्ये पूर्ववत करतो, ते वाचूनच ती घेतली.

चुकीचे मूल्य नाकारावे की गुपचूप दुरुस्त करावे, यावर मतभेद असतात. मी नाकारण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण मालकांची एक साधी इच्छा ठरली. त्यांना नेटवर्कचे नाव मराठीत ‘सोलापूर चादर’ असे हवे होते. दिसायला हे जेमतेम सात अक्षरांचे नाव. पण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, उकार हेही स्वतंत्र चिन्ह असते, त्यामुळे पहिला शब्द २१, मधली जागा १ आणि दुसरा शब्द १२ असे मिळून ३४ बाइट होतात. होस्टएपीडीने ते तात्काळ नाकारले. अडॅप्टरसोबत आलेल्या खासगी साधनाने मात्र ते आनंदाने स्वीकारले आणि ड्रायव्हरने ३२ बाइटांवर कापले, तेव्हा शेवटच्या ‘र’ चा एकच बाइट मागे उरला आणि टॅबलेटवर चौकोनी खूण दिसू लागली. येथे निदान कापले तरी होते. २०१९ मध्ये मार्व्हेल चिपच्या एमविफिएक्स ड्रायव्हरमध्ये ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमधील घटक लांबी न तपासता बफरमध्ये उतरवल्यामुळे मेमरी ओलांडली जात असल्याचे आढळले आणि त्यासाठी सुरक्षा-दुरुस्ती करावी लागली. म्हणजे हा नुसता गैरसोयीचा विषय नाही.

प्रक्षेपण-शक्तीचेही तसेच. तिचे एकक मिलिबेल-मिलिवॅट, म्हणजे डीबीएमचा शंभरावा भाग, आहे, म्हणून २० डीबीएमसाठी २००० लिहावे लागते. कोणी नुसते २० लिहिले तर मॅक८०२११ शंभराच्या पटीत नसलेले मूल्य म्हणून -९५ देते. आमचा ड्रायव्हर शंभराने भागून उत्तर शून्य काढी आणि शून्य डीबीएमवर मुकाट चालू राही. नेटवर्क ‘चालू’ असून तिसऱ्या ओळीपलीकडे पोहोचत नाही, या तक्रारीचे मूळ तेच होते.

स्वतः ड्रायव्हर बदलणे ज्यांना शक्य नाही त्यांनाही एवढे करता येते: होस्टएपीडीची फाइल खऱ्या अडॅप्टरवर नेण्याआधी मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम हे आभासी रेडिओचे मॉड्यूल चढवून त्यावर चालवून पाहावी. ती तेथेही नाकारली गेली तर दोष फाइलमध्ये आहे. तेथे चालली आणि खऱ्या अडॅप्टरवर -११० आली तर ड्रायव्हरकडे संशयाने पाहावे. नवे आयडब्ल्यू त्रुटीसोबत कर्नलने दिलेले एका ओळीचे कारणही छापते. नुसता आकडा नोंदवून ती ओळ सोडून देण्याची चूक मी बरेच दिवस केली.

दुरुस्त ड्रायव्हर घालून मी मुख्य स्विच वीस वेळा बंद-चालू केला. वीसही वेळा नेटवर्क उभे राहिले. मात्र चालू असताना राउटरने चॅनल बदलण्याची घोषणा केली तर आमच्या ड्रायव्हरमध्ये ती मागणी वेगळ्याच फंक्शनमधून येते, आणि तेथला क्रम अजून जुनाच, आधी लिहा आणि मग पाहा असा आहे. तेथे तपासणी-फंक्शन जोडले आहे, पण जुन्या चॅनलवर परतताना टॅबलेट सुटतात, ते अजून जमलेले नाही. तोवर ऑफिसच्या राउटरचे आपोआप चॅनल निवडणे बंद करून तो ३६ वर बांधून ठेवला आहे, आणि राउटरच्या पाठीवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे.